हत्ती आला तरी हलणार नाही

"भाऊ, आता हत्ती आला तरी हलणार नाही बघा," असं म्हणत वेल्डिंगवाल्यानं घोडीच्या उडीच्या अडथळ्याचा दांडा टेकवायचा पहिला लोखंडी कप माझ्या हातात दिला. नळाच्या क्लॅम्पसारखा खोलगट, दोन्ही बाजूंना उभे कान, आणि वरून बोल्ट टाकायला भोकसुद्धा. त्यात आडवा दांडा बसवला असता तर खरोखरच हत्तीलाही तो काढता आला नसता. मी म्हटलं, "अरे, पण हा हलायलाच पाहिजे. घोडीचा पाय लागला की दांडा खाली पडला पाहिजे." त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. पंधरा वर्षं तो द्राक्षबागांचे अँगल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि गेटं करतोय. पडण्यासाठी काहीतरी बनवून दे म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

हे सगळं सुरू झालं मैनेमुळे, म्हणजे आमच्या घोडीमुळे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा भरते, तिथे मी नुसता बघायला गेलो होतो. बायकोचं म्हणणं, नुसतं बघायला जाणाऱ्याच्या खिशात एवढे पैसे कशाला लागतात. असो. घोडी मारवाडी मिश्र रक्ताची, १४.२ हँड उंचीची, म्हणजे खांद्यापाशी ५८ इंच. आधीच्या मालकानं तिला वरातीत नाचायला शिकवलेलं. अजूनही कुणी ठेक्यात पत्र्यावर हातोडी मारली की ही तबेल्यात पुढचे पाय उचलून सुरू होते.

लेक तेरा वर्षांची. नाशिकच्या एका रायडिंग क्लबात दर रविवारी शिकायला जायची. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झानं इव्हेंटिंगमध्ये, म्हणजे उड्यांसकट तीन परीक्षांच्या घोडेस्वारीत, वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं मिळवली, त्याचा फोटो तिच्या कपाटाच्या दारावर आहे. तिला उड्या मारायच्या होत्या. मैनेला मारायच्या होत्या की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

तयार सामानाची चौकशी केली. एका जंपला, म्हणजे उडीच्या एका अडथळ्याला, दोन उभे स्टँड, तीन-चार दांडे आणि कप, एवढ्याचा आकडा वाहतूक धरून पंचवीस हजारांच्या घरात गेला. मला किमान चार जंप हवे होते. लाखभर रुपये मी द्राक्षाच्या औषधावर डोळे मिटून घालतो, पण रंगवलेल्या लाकडावर घालायला हात धजावेना.

पहिला प्रयोग सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. टोमॅटोच्या मांडवाचे जुने बांबू पडून होते. दोन्ही बाजूंना विटांचे ढीग रचले, वर बांबू ठेवला. वीस मिनिटांत, शून्य रुपयांत जंप तयार. मैनेनं दोन वेळा छान उडी मारली. तिसऱ्या वेळी मागचा पाय लागला, बांबू उभा चिरला आणि त्याची पात्यासारखी चिप तिच्या खुराच्या वरच्या सांध्यापाशी घासून गेली. जखम वरवरची होती, हळद लावून आणि डॉक्टरांना दाखवून निभावलं. पण रविवारी लेकीचे सर आले, लष्करातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. त्यांनी विटांच्या ढिगाकडे बोट दाखवून मला जे सुनावलं, ते लेकीसमोर नको होतं.

त्यांचे मुद्दे मात्र सोळा आणे खरे. विटांना धारदार कोपरे. त्यावर घोडा किंवा मूल पडलं तर संपलं. आणि बांबू फार हलका. त्याला पाय लागला तरी घोड्याला काही वाटत नाही, मग तो पाय उचलायचं सोडून देतो. दांडा पडायला सोपा हवा, पण पडताना जाणवला पाहिजे, इतका जड हवा. शो जंपिंगमध्ये, म्हणजे उड्यांच्या स्पर्धेत, दांडा पडला की चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण, त्यामुळे घोड्याला दांड्याचा मान ठेवायला शिकवणं हेच अर्धं शिक्षण. पीव्हीसी पाइपही त्यांनी बाद केला. आमच्याकडे ठिबकच्या आधीच्या जमान्यातले तीन इंची पाइप ढिगानं आहेत. उन्हात पडून ते इतके कडक झालेले की एक हातोडी मारून बघितली तर काचेसारखे तुकडे उडाले. सावलीतला नवा पाइप तुटत नाही, पण मे महिन्यात मधोमध झोळीसारखा वाकतो.

मग निलगिरी. सेंट्रिंगचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडे जुन्या बल्ल्या निघतात. स्लॅबखाली टेकू म्हणून वापरून वापरून त्या चांगल्या वाळलेल्या असतात, हा मोठा फायदा. ओली निलगिरी घेतली तर वाळताना पिळा पडतो आणि टोकं फाटतात. माझ्या दोन ओल्या निघाल्या, त्या दोन महिन्यांत धनुष्य झाल्या. निवडायची रीत अशी: बल्ली फरशीवर ठेवून पायानं ढकलायची. सरळ असली तर सरसर लोळत जाते, वाकडी असली तर लंगडत जाते. दीड तास मी त्याच्या गोडाऊनमध्ये बल्ल्यांना लाथा मारत होतो. साडेतीन इंचाच्या आतल्या जाडीच्या बारा निवडल्या, दहा-दहा फुटांवर कापून घेतल्या. स्पर्धेतले दांडे साधारण साडेतीन मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर जाड असतात. पण ते हलक्या लाकडाचे. निलगिरी तेवढी जाड घेतली तर एकट्या माणसाला उचलवत नाही. माझा दांडा भरतो तेरा-चौदा किलो, लेक एकटी एक टोक उचलून कपात ठेवू शकते. प्रत्येकी १८० रुपये. छोट्या हत्तीतून आणल्या, मागे लाल फडकं बांधून.

साल कोयत्यानं काढली, टोकाच्या कडा कानशीनं गोल केल्या. टोकांना आधी रंग पाजला, कारण पाणी तिथूनच शिरतं.

स्टँडसाठी माझ्या डोक्यात साहजिकच द्राक्षबागेचे अँगल होते. एक एकर बाग आम्ही दोन वर्षांपूर्वी काढली, तीच जागा आता मैनेचं मैदान. अँगल कोपऱ्यात रचून ठेवलेले. फुकटचे, उंचीला बरोबर, भोकंसुद्धा पाडलेली. सरांनी एका अँगलच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. अँगल रद्द.

शेवटी सिन्नरच्या एमआयडीसीजवळचा भंगारवाला धावून आला. परदेशी मशिनरी ज्या पेट्यांतून येते त्यांच्या तळाला चार बाय चारचे पाइनचे ओंडके असतात. किलोवर विकतो तो. पंधरा रुपये किलो, ऐंशी किलो घेतलं. त्यातले खिळे काढायला मला आणि तात्यांना दोन संध्याकाळी लागल्या. तात्या म्हणजे माझे वडील. वय ७६, कटावणी हातात आली की तीस. खिळे ते दगडावर ठोकून सरळ करून डब्यात भरत होते. त्या ठोकण्याच्या ठेक्यावर तिकडे मैना नाचत होती.

पाच फुटांचे आठ खांब निघाले. सुतारमिस्त्री आले, त्यांनी खांब पाहिले, मैदान पाहिलं आणि विचारलं, "खड्डे किती फुटांचे घ्यायचे?" मी म्हटलं, खड्डे नाहीत, हे नुसते उभे राहणार, खाली चार पाय द्या. "पायाच नाही तर टिकायचं कसं? दोन घमेली काँक्रीट टाका, जन्माचं काम होईल." त्यांना पटवायला चहा दोन वेळा झाला. घोडा चुकून स्टँडवरच आला तर स्टँड आडवा झाला पाहिजे, पुरलेल्या खांबावर घोडा आदळला तर एक तर पाय जातो नाही तर छाती फुटते, हे सांगितल्यावर ते गप्प झाले. मग त्यांनी जमिनीलगत दोन-दोन फुटांचे चार पाय अधिकच्या चिन्हासारखे बसवून दिले, आणि जाता जाता म्हणाले, "काम माझं आहे असं कुणाला सांगू नका."

भोकं पाडायचं काम मी स्वतःकडे घेतलं, तिथे माती खाल्ली. जमिनीपासून ३० सेंटिमीटरपासून १२० पर्यंत, दर साडेसात सेंटिमीटरला एक भोक. म्हणजे एका खांबाला तेरा, आठ खांबांना १०४. हातातलं ड्रिल मशीन, डोळ्यानं सरळ धरायचं. पहिल्या जोडीची भोकं पाडून दांडा टाकला तर एका बाजूला अर्धा इंच वर. शिवाय चार इंच जाडीत ड्रिल तिरकं गेलं की पुढून बरोबर आणि मागून भलतीकडे. नंतर शहाणपण सुचलं. लोखंडी पट्टीवर एकदाच तेरा भोकं मोजून पाडून घेतली, ती पट्टी प्रत्येक खांबावर शिकंज्यानं आवळायची आणि तिच्यातूनच ड्रिल घालायचं. सगळे खांब एकसारखे. पहिली वाकडी जोडी अजून आहे, तिच्यावर आम्ही मुद्दाम दांडे फुलीसारखे तिरके लावतो. फुलीला अर्धा इंच दिसत नाही.

आता कप. सगळ्या कामात डोकं लागलं ते इथेच. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात दांड्याच्या कपाची खोली १८ ते ३० मिलीमीटर सांगितली आहे. म्हणजे जेमतेम बोटभर. दांडा त्यात बसत नाही, नुसता विसावतो. वेल्डिंगवाल्याला हे तोंडी सांगून उपयोग नव्हता. मी त्याच्याच दुकानात चार इंची लोखंडी पाइपचा तुकडा शोधला, दोन इंच रुंद कडं कापायला लावलं आणि त्यावर खडूनं खुणा केल्या. दोन टोकांमधलं सरळ अंतर आठ सेंटिमीटरच्या आसपास येईल असा तुकडा कापला की त्याची खोली बरोबर दोन सेंटिमीटर येते. एका कड्यातून असे तीन तुकडे निघतात, वर थोडं उरतं. सोळा कपांसाठी सहा कडी. तुकड्याच्या एका बाजूला पट्टी वेल्ड करायची, पट्टीला भोक, भोकातून खांबात बारा मिलीमीटरची पिन. पिनेला साखळी, नाहीतर काळ्या मातीत पडलेली पिन पुढच्या पिढीलाच सापडते.

दांडा कपापेक्षा थोडा बारीक असल्यानं तो पुढे, मागे, कुठेही सहज घरंगळतो. वेल्डिंगवाल्यानं एक कप खांबाला लावून त्यावर दांडा ठेवला, करंगळीनं ढकलला. पडला. परत ठेवला, परत ढकलला. "भाऊ, वारं आलं तरी पडंल हे," तो म्हणाला. वाऱ्यानं पडत नाही, दांडा जड आहे, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. सत्तर रुपयांप्रमाणे सोळा कप त्यानं केले आणि एकावरही हमी देणार नाही असं बजावलं. कडा मात्र त्यानं ग्राइंडरनं अशा गुळगुळीत केल्या की लहान मुलाच्या हातात द्याव्यात. दांडा नसलेला कप खांबावर कधीही ठेवायचा नाही, ही सरांची सक्त ताकीद. रिकामा कप म्हणजे बाहेर आलेलं लोखंडी शिंग.

एका ठिकाणी काटकसर केली नाही. पुढे एक आणि मागे एक दांडा असतो त्या रुंद अडथळ्याला ऑक्सर म्हणतात. त्याच्या मागच्या दांड्यावर घोडा वरून खाली येतो. तिथे दांडा पुढेमागे घरंगळायला वेळच नसतो, वजन आलं की कपासकट खाली सुटला पाहिजे. त्यासाठी सेफ्टी कप मिळतात, भार आला की निसटणारे. वेल्डिंगवाला म्हणाला, मी करून देतो. मला ते नको होतं. भार नेमका किती आला की सुटायला हवं, हे ठरवायची अक्कल ना त्याला ना मला. एक जोडी विकत घेतली, ३,४०० रुपये. बारा बल्ल्यांपेक्षा महाग.

मैदानाचं काम लांबलं ते एका भलत्याच कारणानं. काढलेल्या बागेच्या मातीत बांधणीच्या तारांचे तुकडे. दिसत नाहीत, पण खुरात एक गेला तरी महिनाभर घोडी लंगडते. लेकीनं जुन्या स्पीकरमधली चुंबकं काढली, एका फळीखाली ओळीनं बसवली आणि दोरी बांधून ती फळी आठवडाभर मैदानभर ओढली. सुट्टीचे दिवस होते. अडीच किलो तार निघाली. तात्यांनी तीही डब्यात ठेवली.

रंगाचं लेकीनं ठरवलं: लाल-पांढरा, टीव्हीवर दिसतो तसा. तोवर मी वाचून बसलो होतो की घोड्याला निळा आणि पिवळा नीट ओळखू येतो, लाल-हिरव्यात मात्र त्याची गफलत होते. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवर वर्षानुवर्षं केशरी रंग असायचा. तो माणसाला उठून दिसतो म्हणून. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की घोड्याला तो गवतातून फारसा वेगळा दिसतच नाही, आणि २०२२ पासून तिथे केशरीच्या जागी पांढरा द्यायला सुरुवात झाली. आम्ही निळा-पांढरा घेतला, दोन-दोन फुटांचे पट्टे. ऑइल पेंटला दीड हजार गेले. त्यातला पाव भाग लेकीच्या कपड्यांवर आहे.

निळ्या प्लॅस्टिकच्या दोनशे लिटरच्या टाक्या भंगारवाल्याकडूनच, सहाशेला एक, पाच घेतल्या. आधी काय भरलं होतं हे विचारून, वास घेऊन, तीन वेळा धुऊन. आडव्या ठेवल्या की त्यांची उंची दोन फुटांच्या जरा खाली येते, पुढे एक दांडा लावला की टाकी लोळत नाही आणि घोडीला जमिनीवरची रेघही मिळते. ती रेघ महत्त्वाची. अडथळा कुठून सुरू होतो हे घोडा त्याच्या बुडाकडे बघून ताडतो. एकदा आम्ही उलट्या दिशेनं उडी घ्यायची ठरवली आणि जमिनीवरचा दांडा पलीकडेच विसरलो. मैना फार जवळ गेली, वेडीवाकडी उडाली आणि तीन दांडे घेऊन उतरली. त्या दिवसापासून दिशा बदलली की लेक आधी खाली उतरून दांडा बदलते.

टाक्यांना मैना दोन दिवस घाबरली. पहिल्या दिवशी तर पन्नास फुटांवरून फुरफुरत उभी. तिसऱ्या दिवशी तात्यांनी टाकीवर गूळ ठेवला. चौथ्या दिवशी ती टाकी चाटून गेली.

उड्यांच्या आधी महिनाभर नुसते जमिनीवरचे दांडे. मैनेची मूळ चाल रेवाल, मारवाडी घोड्यांची ती सपाट, झोपाळ्यासारखी, एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ बरोबर जाणारी चाल. स्वाराला सुख, पण उडीला निरुपयोगी. तिच्याकडून कोपऱ्याकोपऱ्याचे पाय जोडीनं उचलणारी स्वच्छ दुडकी काढायची तर समोर दांडेच हवेत. सव्वाचार फुटांवर एक असे चार दांडे ठेवले. गोल दांडा पायाखाली आला की लोळतो आणि घोडा मुरगळतो, म्हणून उरलेल्या ओंडक्यांचे गुटके कापून त्यात खाच पाडली आणि दांड्याची टोकं त्यात ठेवली. पहिल्या दिवशी तिनं सगळे चार दांडे ताशासारखे बडवले. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही.

दोन उड्यांमधलं अंतर हा वेगळाच अभ्यास. मोठ्या घोड्याची कँटरची, म्हणजे दुडकीच्या पुढच्या वेगवान चालीची, एक झेप बारा फूट धरतात, म्हणजे मधे एक झेप बसवायची तर दोन अडथळ्यांत चोवीस फूट: सहा उतरायला, बारा झेपेला, सहा उडायला. माणसानं तीन-तीन फुटांची चार पावलं टाकली की घोड्याची एक झेप. मी ऐटीत आठ पावलं मोजून दोन जंप लावले. मैनेला ते पोचेना. मधे एक चोरटं पाऊल टाकून ती दुसऱ्या दांड्याच्या पोटात शिरत होती. सरांनी दाताळ्यानं माती सारखी करायला सांगितली, तिला एकदा कँटरनं नेलं आणि एकाच पायाचे दोन ठसे मोजले. दहा फूट चार इंच. जंप एकवीस फुटांवर आणले, उंची दोन फुटांवर, आणि ती अशी गेली की लेक दोन मिनिटं काही बोललीच नाही. सर असल्याशिवाय आणि हेल्मेट घातल्याशिवाय उडी नाही, हा नियम घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिला आहे. तो मोडायचा प्रयत्न दोनदा झाला आहे.

हिशेब विचारतील म्हणून सांगतो: बल्ल्या, लाकूड, कप, रंग, टाक्या, मिस्त्रींची मजुरी १,६०० आणि ते सेफ्टी कप मिळून चौदा हजारांना वीस रुपये कमी. माझी मजुरी आणि बांबूच्या दिवशीची डॉक्टरांची फी यात नाही.

पहिल्या पावसाळ्यानं थोडी वसुली केली. स्टँडचे पाय काळ्या मातीत टाचेपर्यंत रुतले, एका पायाला वाळवी लागली. तो पाय बदलला, बाकीच्यांना जळालं ऑइल पाजलं आणि खाली जुन्या टायरचे तुकडे ठोकले. आता जूनमध्ये सगळं शेडमध्ये जातं, विजयादशमीला बाहेर येतं.

गेल्या रविवारी वेल्डिंगवाला पैसे घ्यायला आला होता, दुसऱ्याच कामाचे. लेक चार जंप ओळीनं घेत होती. तो बांधावर तात्यांशेजारी उभा राहिला. तिसऱ्यावर मैनेचा मागचा पाय लागला, दांडा कपातून सुटला आणि टण्णकन टाकीवर आदळून मातीत लोळला. मैना पुढचा जंप घेऊन मोकळी. मी खूश, सर खूश.

वेल्डिंगवाला तात्यांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "तात्या, भाऊंना सांगा जरा. अजून वेळ गेलेली नाही. मी कान लावून देतो, फुकटात."

"मीही तेच म्हणतोय," तात्या म्हणाले, आणि दांडा उचलायला मैदानात उतरले.